विश्वचषकाच्या जागांची वाटणी

३० जानेवारी २०२२, रविवार. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात फिलिपिन्स आणि चायनीज तैपेई यांच्या महिला संघांचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआउटची वेळ आली. करोनाची तिसरी लाट चालू होती. प्रेक्षकांना मैदानात प्रवेश नव्हता, त्यामुळे किक बसल्याचा आवाज आणि राखीव बाकावरच्या मुलींचा ओरडा एवढंच ऐकू येत होतं. फिलिपिन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने किक अडवल्या, शिवाय स्वतः पुढे येऊन एक मारली आणि गोलही केला. शेवटची किक सरिना बोल्डेनची होती. ती जाळ्यात गेली आणि निकाल लागला, ४-३. ज्या देशाच्या पुरुष किंवा महिला संघाला विश्वचषकाचं दार कधी उघडलं नव्हतं, त्या देशाला विश्वचषकाचं पहिलं तिकीट आपल्या पुण्यात मिळालं. आपल्यापैकी फार थोड्यांना त्या दिवशी त्याचा पत्ता होता.

ती स्पर्धा होती महिलांचा आशियाई चषक, आणि तीच २०२३च्या विश्वचषकासाठी आशियाची अंतिम पात्रता फेरीही होती. आधी भुवनेश्वर आणि अहमदाबादचंही नाव ठिकाणांत होतं. साथीत संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचं फुटबॉल मैदान आणि बालेवाडी अशी तिन्ही ठिकाणं महाराष्ट्रात आणली गेली. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी या काळात आशियाच्या वाट्याच्या पाच थेट जागा या तीन मैदानांवर ठरल्या. चीन, जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स आणि व्हिएतनाम हे पाच संघ इथून विश्वचषकाला गेले. फिलिपिन्स आणि व्हिएतनाम यांची ती पहिलीच वेळ. यजमान भारत मात्र पहिल्याच सामन्यानंतर स्पर्धेतून गेला, आणि तो मैदानावर हरला नव्हता.

कुठल्या खंडाला किती जागा, हा फुटबॉलमधला नव्वद वर्षांचा तंटा आहे. तो आकड्यांचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : जागा ताकद बघून द्यायची, की ताकद यावी म्हणून द्यायची? माझं मत आधीच सांगून टाकतो. जागा मिळाल्याशिवाय ताकद येत नाही, असंच हा इतिहास सांगतो. आणि मिळालेली जागा टिकवायची तयारी आपण वेळेवर केली नाही, हेही तोच सांगतो.

माझ्यासारख्या शहाडला राहणाऱ्याला विभागवार जागा ही गोष्ट परकी नाही. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की हे पहिलं स्टेशन. एका अंगाला कल्याण-डोंबिवली महापालिका, दुसऱ्या अंगाला सेंच्युरी रेयॉन कारखान्याच्या बाजूने उल्हासनगर महापालिका. शालेय क्रीडास्पर्धांत महापालिकेचं क्षेत्र हा स्वतंत्र जिल्हा धरतात. त्यामुळे चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या दोन शाळा वेगवेगळ्या स्पर्धांत उतरतात. एक कल्याण-डोंबिवलीतून वर जायला बघते, दुसरी उल्हासनगरातून. सुब्रतो मुखर्जी चषकाची शिडीही अशीच आहे : जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. प्रत्येक पायरीवर एका क्षेत्राचा एकच संघ वर सरकतो. त्या क्षेत्रात फुटबॉल खेळणाऱ्या चाळीस शाळा आहेत की चार, हे कोणी विचारत नाही.

हाच नियम कोकणात वेगळा लागतो. आमचा ठाणे जिल्हा मुंबई विभागात, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात मोडतात. आता कोल्हापूर म्हणजे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, फुलेवाडी आणि प्रॅक्टिस क्लबचं गाव. शाहू स्टेडियमवर तालीम संघांचा सामना असला की अख्ख्या पेठा तिकडे लोटतात. त्या गावच्या पोरांना हरवल्याशिवाय कणकवलीच्या शाळेला राज्य स्पर्धा दिसत नाही. कणकवलीचा संघ आणखी कुठल्या विभागात असता तर कदाचित दरवर्षी राज्याला गेला असता. नकाशावरची रेघ कोणी कुठे ओढली, यावर मुलांचं नशीब ठरतं. जागतिक फुटबॉलमध्ये नेमकं हेच घडत आलं, फक्त तिथे रेघ ओढणारे झुरिकला बसत.

१९३०च्या पहिल्या विश्वचषकाला पात्रता फेरी नव्हती. निमंत्रणावर तेरा संघ उरुग्वेत जमले. १९३४ला इजिप्त पॅलेस्टाइनला हरवून इटलीला गेला, तो पहिला आफ्रिकी संघ. १९३८ला जपानने माघार घेतल्यामुळे डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, फ्रान्सला पोचला. आशियातून गेलेला तो पहिला संघ. स्पर्धा पहिल्या सामन्यापासूनच बाद पद्धतीची असल्याने तो हंगेरीकडून ०-६ असा हरला आणि परतला. एवढ्या प्रवासानंतर वाट्याला आलेला खेळ दीड तासाचा.

मग १९५० आलं. ब्राझीलच्या विश्वचषकासाठी आशियाला एक जागा होती आणि तिच्यासाठी भारत, ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स असे चार देश होते. भारत सोडून बाकी तिघांनी माघार घेतली. एकही सामना न खेळता भारत पात्र ठरला. सोडत निघाली, त्यात इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात भारताचं नाव लागलं. आणि भारताने जायचं नाही असं ठरवलं.

बूट घालायची सक्ती होती म्हणून आपण गेलो नाही, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. ती ऐकायला बरी वाटते, कारण तिच्यात दोष दुसऱ्याचा असतो. खरी कारणं साधी होती. जहाजाचा लांब प्रवास, परकीय चलनाची चणचण, संघनिवड आणि सराव यांना न पुरलेला वेळ, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे विश्वचषक ही काय चीज आहे याची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला नसलेली जाणीव. यजमानांनी खर्चाचा मोठा भाग उचलायची तयारी दाखवूनही निर्णय बदलला नाही. त्या काळात डोळ्यांपुढे ऑलिंपिक होतं. १९४८ला लंडनजवळ इलफर्डच्या मैदानावर आपला बराचसा अनवाणी संघ फ्रान्सशी १-२ असा हरला होता, तोही दोन पेनल्टी हुकल्यामुळे. ब्राझीलला गेले असते तर ज्यांच्याकडे कर्णधारपद आलं असतं, त्या शैलेन मन्नांनी उतारवयात हेच सांगितलं, की आमच्यासाठी ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व होतं. १९५१ला याच पिढीने दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलं. संघ दुबळा नव्हता. रिकाम्या ठेवलेल्या त्या जागेचं मोल मात्र पुढच्या सत्तर वर्षांत आपल्याला कळत गेलं.

ती जागा एका वर्षापुरतीच हुकली असती तर एवढं वाटलं नसतं. पण त्यानंतर आशियाची पतच घसरत गेली. १९५४ला दक्षिण कोरिया गेला. युद्ध संपून वर्षही झालेलं नसलेल्या देशाचा तो संघ झुरिकमध्ये हंगेरीकडून ०-९ आणि मग तुर्कस्तानकडून ०-७ हरला. आशियाला जागा कशाला, असं विचारणाऱ्यांच्या हातात हे दोन आकडे आयते पडले. १९५८ला आशिया आणि आफ्रिका मिळून एक जागा होती. इस्रायलशी खेळायला कोणी तयार होईना, एकेक देश बाजूला झाला आणि इस्रायल न खेळताच जिंकायच्या बेतात आला. तेव्हा, यजमान आणि विजेता सोडून कोणीही न खेळता विश्वचषकाला जाणार नाही, असं फिफाने ठरवलं. युरोपात आधीच बाद झालेल्या वेल्सची चिठ्ठी निघाली, वेल्सने इस्रायलला दोन्ही वेळा २-० हरवलं आणि दोन खंडांची एकुलती एक जागा युरोपात गेली. त्याच वेल्सविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात सतरा वर्षांच्या पेलेने विश्वचषकातला आपला पहिला गोल केला. १९६२ला तर आशिया आणि आफ्रिकेच्या विजेत्यांना थेट जागाच ठेवली नाही. दक्षिण कोरियाला युगोस्लाव्हियाशी आणि मोरोक्कोला स्पेनशी झुंजायला लावलं. दोघेही हरले.

या सगळ्या वर्षांत आशियाई फुटबॉल खरोखरच तितकं कच्चं होतं का, हे बघायला मुंबईच्याच एका खेळाडूकडे वळावं लागतं. नेव्हिल डिसोझा मूळ गोव्याचे, बार्देशातल्या आसगावचे. ते मुंबईत टाटांच्या संघातून खेळत. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारत गेला तेव्हा हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपण पहिली फेरी न खेळता ओलांडली. सहा वर्षांपूर्वी विश्वचषकाची जागा मिळाली होती तशीच हीही फुकटात मिळालेली चाल होती. फरक एवढाच की या वेळी आपण मैदानात उतरलो. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध डिसोझांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत ४-२ जिंकला आणि उपांत्य फेरीत गेला. तिथे युगोस्लाव्हियाकडून हरलो, कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून हरलो आणि चौथे आलो. त्याच दौऱ्यात सिडनीत पुन्हा गाठ पडली तेव्हा ऑस्ट्रेलियाला आपण ७-१ हरवलं.

प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा तो संघ होता आणि त्याला विश्वचषकाची वाट मोकळी नव्हती. एक तर संपूर्ण खंडाला जागा मिळे ना मिळे, आणि दुसरं म्हणजे आपला महासंघ त्या वाटेला जातच नव्हता. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताने पहिला सामना खेळला तो १९८५ साली. १९५० ते १९८५. या पस्तीस वर्षांतच १९६२चं जकार्ताचं आशियाई सुवर्ण बसतं.

जागावाटपाविरुद्ध पहिला खणखणीत आवाज उठला तो आफ्रिकेतून. १९६६च्या इंग्लंडच्या विश्वचषकासाठी सोळा जागांपैकी दहा युरोपला, चार दक्षिण अमेरिकेला, एक उत्तर व मध्य अमेरिकेला, आणि आशिया, आफ्रिका व ओशनिया या तिघांना मिळून उरलेली एक अशी वाटणी झाली. आफ्रिकेच्या विजेत्याने आपला खंड जिंकून पुन्हा आशियाच्या विजेत्याशी खेळायचं होतं. घानाचे क्रीडाप्रमुख ओहेने जान यांनी फिफाला तार करून हा प्रकार केविलवाणा आणि तर्काला न धरून असल्याचं कळवलं. घाना तेव्हा आफ्रिकेचा विजेता होता आणि अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा त्यांच्या पाठीशी होते. इथिओपियाचे टेसेमा यिद्नेकाचू हेही या लढ्यात पुढे होते. आफ्रिकेतले सगळे देश पात्रता फेरीतून बाहेर पडले. फिफाने दंड ठोठावला, तरी कोणी मागे हटलं नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी, ज्यांच्या खजिन्यात फारसं काही नव्हतं, आपल्या खेळाडूंच्या ऐन उमेदीची चार वर्षं या तत्त्वापायी सोडली. हा त्याग क्रीडा-इतिहासात फार कमी ठिकाणी सांगितला जातो, म्हणून इथे मुद्दाम थांबलो.

आफ्रिका बाहेर, दक्षिण कोरियाही बाहेर. राहिले उत्तर कोरिया आणि ऑस्ट्रेलिया. दोघांचे राजनैतिक संबंध नव्हते, म्हणून सामने कंबोडियात नोम पेन्हला झाले. उत्तर कोरिया ६-१ आणि ३-१ जिंकला. आठ महिन्यांनी मिडल्सब्रोच्या मैदानावर पाक डू-इकच्या गोलने या संघाने इटलीला घरी धाडलं. उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध तर पंचवीस मिनिटांत ३-० अशी आघाडी होती. युसेबिओने चार गोल करून सामना फिरवला नसता तर ‘उरलेल्या तिघांची एक जागा’ घेऊन आलेला संघ उपांत्य फेरीत असता. पुढच्या, १९७०च्या विश्वचषकात आफ्रिकेला पहिल्यांदा स्वतःची हक्काची जागा मिळाली.

पुढच्या वाटण्या मतांनी झाल्या. फिफामध्ये प्रत्येक देशाला एक मत. १९७४ला फिफाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ब्राझीलच्या झोआव हॅवेलांज यांनी जागा वाढवण्याचं आश्वासन देत आफ्रिका आणि आशियाच्या मतांवर सर स्टॅनली राउस यांचा पराभव केला. १९८२ला संघ सोळाचे चोवीस झाले, १९९८ला बत्तीस. हे सगळं निव्वळ न्यायबुद्धीने झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. त्यात निवडणुका होत्या आणि दूरचित्रवाणीचा पैसाही होता. पण मतांच्या हिशोबातून का होईना, दार उघडलं आणि उघडल्याबरोबर काय झालं ते बघा. १९८२ला अल्जीरिया पहिल्यांदा आला आणि पहिल्याच सामन्यात त्याने पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं. कॅमेरूनही त्याच वर्षी पहिल्यांदा आला आणि एकही सामना न हरता परतला. आठ वर्षांनी तोच कॅमेरून उपांत्यपूर्व फेरीत होता. १९७४चा झैरे युगोस्लाव्हियाकडून ०-९ हरला तेव्हा आफ्रिकेला जागा देऊन चूक झाली असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचं ऐकलं असतं तर अल्जीरिया आणि कॅमेरून दिसलेच नसते.

विरुद्ध बाजूचं म्हणणं पोकळ नाही. चार वेळा जगज्जेता असलेला इटली २०१८ आणि २०२२ या दोन्ही विश्वचषकांना नव्हता, आणि त्याच्याहून दुबळे संघ तिथे होते. इटलीच्या खेळाडूने काय पाप केलं होतं, असं कोणीही विचारेल. ओशनियाचं उदाहरण तर याहून अवघड. ऑस्ट्रेलिया कित्येक वर्षं त्या खंडात दादा होता, पण खंडाला पूर्ण जागाच नसल्याने त्याला दुसऱ्या खंडाच्या संघाशी शेवटची लढत खेळावी लागे आणि ती तो बहुतेक वेळा हरायचा. २००६च्या सुरुवातीला तो आशियात आला. ओशनियात न्यूझीलंडला रान मोकळं झालं आणि आशियातल्या मर्यादित जागांवर आणखी एक दांडगा दावेदार येऊन बसला. ही कोल्हापूर विभागाची अडचणच मोठ्या नकाशावर आली.

तरीही माझा कल ठरलेला आहे. जगातले सर्वांत बलवान बत्तीस संघच एकत्र आणायचे असतील, तर ते युरोपच्या क्लब-स्पर्धांत दर आठवड्याला बघायला मिळतं. विश्वचषकाला जग यायला हवं. त्यासाठी प्रत्येक खंडाला अशी एक वाट हवी, जिच्या शेवटी काहीतरी आहे हे बारा वर्षांच्या मुलीला दिसेल. २०१७ला फिफाने ४८ संघांचा निर्णय घेतला. २०२६साठी आशियाला आठ थेट जागा मिळाल्या, शिवाय एक आंतरखंडीय प्ले-ऑफमधून. त्यातून उझबेकिस्तान आणि जॉर्डन पहिल्यांदा पात्र झाले.

त्याच २०१७ला विश्वचषक पहिल्यांदा आपल्या दारात आला, सतरा वर्षांखालील मुलांचा. ऑक्टोबरमध्ये नेरुळला जे सामने झाले त्यांत पहिल्याच दिवशी न्यूझीलंड आणि तुर्कस्तान १-१ असे बरोबरीत राहिले. आमच्याकडून तिथे जायचं म्हणजे ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर गाडी धरायची. भारताला यजमान म्हणून जागा होती, सामने दिल्लीत होते. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता आणि मुंबईत जन्मून अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. तिन्ही सामने हरलो, पण कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने हेडरवर केलेला गोल हा फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल. यजमानपदाची जागा मिळाली नसती तर तोही नसता.

महिलांच्या संघाला २०२२ला अशीच यजमानपदाची जागा मिळाली, आणि या वेळी पुढची वाट फार जवळ होती. बारा संघांची स्पर्धा, त्यातून आठ उपांत्यपूर्व फेरीत. ऑस्ट्रेलियाला विश्वचषकाचा सहयजमान म्हणून वेगळी जागा होती. त्यामुळे तो आठांत आला की उरलेल्या सातांपैकी पाच थेट विश्वचषकाला आणि दोन आंतरखंडीय प्ले-ऑफला जाणार होते. थोडक्यात, उपांत्यपूर्व फेरी गाठली की अगदी वाईटात वाईट म्हणजे प्ले-ऑफ. भारताच्या गटात चीन, चायनीज तैपेई आणि पहिल्यांदाच आलेला इराण. तिसऱ्या क्रमांकावरूनही पुढे जाण्याची सोय होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दोनदा आशियाई उपविजेता ठरलेल्या देशाला विश्वचषकाची एवढी जवळची संधी त्याआधी आली नव्हती.

२० जानेवारीला नेरुळला इराणविरुद्ध ०-० झालं. संधी भारताला जास्त मिळाल्या, गोल एकही झाला नाही. तोवर संघात करोना शिरला होता. रविवारी, २३ तारखेला, संध्याकाळी चायनीज तैपेईशी सामना. अहवाल आले तेव्हा बाधितांची संख्या इतकी होती की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही भारत उभ्या करू शकला नाही. सामना झाला नाही. आशियाई महासंघाच्या त्या स्पर्धेपुरत्या नियमांनुसार भारताने माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणविरुद्धचा सामनाही रद्दबातल झाला. नोंदीत भारताचा एकही सामना उरला नाही. कर्णधार आशालता देवीच्या त्या संघाने महिनोन्‌महिने शिबिरात काढले होते, युरोप आणि ब्राझीलचे दौरे केले होते. १९५०ला जागा आपण सोडली होती. २०२२ला मुली खेळायला तयार असताना ती गेली, आणि घरच्या मैदानावर गेली, हे दुःख वेगळं आहे. सर्व संघांना सारखा लागणारा नियम होता हे मान्य. पण दोन-चार दिवस सामना पुढे ढकलण्याची सोय त्या नियमात का नसावी, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे.

ज्या चायनीज तैपेईशी आपला सामना व्हायचा होता, तोच संघ आठवड्याने बालेवाडीला फिलिपिन्सपुढे उभा होता. बहात्तर वर्षांपूर्वी ज्या देशांनी माघार घेतल्यामुळे भारताला विश्वचषकाची जागा मिळाली होती, त्यांतला एक देश फिलिपिन्स. महिलांच्या विश्वचषकाचे संघ चोवीसवरून बत्तीस करण्याचा निर्णय २०१९ला झाला होता, म्हणूनच आशियाच्या जागा वाढल्या होत्या. वाढीव जागांवर येणारे संघ नुसते मार खातील, असं तेव्हाही बोललं गेलं. २५ जुलै २०२३ला वेलिंग्टनमध्ये फिलिपिन्सने यजमान न्यूझीलंडला १-० हरवलं. गोल सरिना बोल्डेनचाच होता.

पुरुषांच्या बाबतीत जागा वाढूनही आपली गाडी पुढे सरकली नाही. २०२६च्या पात्रता फेरीत कुवेतला त्यांच्या घरी हरवून सुरुवात चांगली झाली होती. मग मार्च २०२४मध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून १-२ हरलो. जूनमध्ये कोलकात्यात सुनील छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कुवेतशी ०-० झालं आणि दोह्यात कतारकडून १-२ असा पराभव होऊन दुसऱ्या फेरीतच सगळं आटोपलं. पुढच्या फेरीत आशियाचे अठरा संघ होते. त्या अठरांत आपण नव्हतो. दोह्यात कतारचा पहिला गोल चेंडू रेषेबाहेर गेल्यानंतर झाला, हे खरं आहे आणि त्याचा राग मलाही आहे. पण आठ जागा असताना आपण नवव्यासाठी नव्हे, एकोणिसाव्यासाठी भांडत होतो.

मुलींनी मात्र पुढची वाट खेळून काढली. २०२६च्या आशियाई चषकाला भारत यजमान नव्हता, स्पर्धा ऑस्ट्रेलियात ठरली होती. २०२५च्या जून-जुलैत थायलंडमध्ये चिआंग माईला पात्रता गट झाला. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-० हरवून भारत शेवटच्या सामन्याला आला. समोर यजमान थायलंड, दोन विश्वचषक खेळलेला संघ, आणि वर जाणार गटातला एकच. ५ जुलैला संगीता बासफोरने दोन्ही अर्धांत एकेक गोल केला आणि भारत २-१ जिंकला. पात्रता फेरी खेळून महिलांच्या आशियाई चषकात भारताने मिळवलेली ही पहिली जागा. त्या चषकातून २०२७च्या ब्राझील विश्वचषकासाठी आशियाला सहा थेट जागा ठेवल्या होत्या. महिन्याअखेर सिडनीत सोडत निघाली तेव्हा भारताच्या गटात जपान आणि व्हिएतनाम आले, आणि चौथा संघ चायनीज तैपेई.